मध्यावरचा काटा

मे महिन्यातली दुपार. अम्मीला चिपळूणहून कराडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन निघालो होतो. गाडी मुलाची, चालवत होतो मी. जुनी डिझेल टर्बो. पहिल्या पगाराच्या पैशांतून त्याने तिला बाहेरचा मोठा इंटरकूलर बसवून घेतला होता. मला तो खर्च पटला नव्हता, आणि दर जुम्म्याला जेवायला बसलो की मी ते ऐकवायचो.

टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो. दाबलेली हवा तापते. सायकलला हवा भरताना पंप गरम लागतो ना, तसंच. इंटरकूलर ती हवा थंड करतो, म्हणून ताकद वाढते. पण हा मोठा इंटरकूलर बसतो ग्रिलच्या लगेच मागे. त्याच्यामागे एसीचा कंडेन्सर आणि सगळ्यात मागे रेडिएटर. म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरच्या वाट्याला आधीच तापलेली हवा, तीही कमी. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. घाटात वेग असतो वीस-पंचवीसचा, समोरचा वारा नाही, टर्बोवर पूर्ण ओढ, आणि वर एसी चालू.

पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढू लागलो तेव्हा मागच्या सीटवरून मुलगा म्हणाला, "अब्बा, १०४ झालंय." गाडीच्या ओबीडी सॉकेटला त्याने एक छोटं यंत्र लावलं होतं, पाण्याचं तापमान मोबाईलवर दिसायचं. मी डॅशबोर्डवर बोट ठेवलं. काटा बरोबर मध्यावर. "कंपनीचा काटा खोटा आणि तुझा मोबाईल खरा?" आजीसमोर बोललो. तो गप्प बसला.

बऱ्याच गाड्यांत हा काटा मुद्दाम सुस्त केलेला असतो, हे मला नंतर समजलं. पाणी ८५ असो की १००, तो मध्यावरच. चालवणाऱ्याने उगाच घाबरू नये म्हणून!

दोन वळणांनंतर काटा सरळ लालकडे निघाला. आता मुलगाच बोलत होता. एसी बंद. हीटर पूर्ण चालू. मे महिन्यात हीटर! पण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, इंजिनाचं गरम पाणी त्यातूनही फिरतं. मी तिसऱ्या गियरमध्ये गाडी रेटत होतो, त्याने दुसरा टाकायला लावला. इंजिन मोकळं फिरलं की वॉटर पंपही जोरात फिरतो. अम्मी पदराने वारा घेत होती, एक शब्द बोलली नाही.

रुंद जागा बघून थांबलो. पाणी कुठून गळत नव्हतं, म्हणून थोडा वेळ इंजिन तसंच चालू ठेवलं. टर्बोलाही ते बरं असतं. मग बंद केलं. बॉनेट उघडून मी झाकणाकडे हात नेला तर मुलाने मनगट धरलं. आत दाबाखाली शंभरच्या वर तापलेलं पाणी. झाकण फिरवलं असतं तर तोंडावर आलं असतं.

तासभर गेला. डॉक्टरांची वेळ हुकली, पुढची आठ दिवसांनी मिळाली.

कराडच्या मिस्त्रीने बंपर उतरवला. इंटरकूलरच्या दोन्ही बाजूंना बोट-बोट फटी होत्या. हवेला मोकळी वाट मिळाली की ती जाळीतून कशाला जाईल? त्याने पत्र्याच्या पट्ट्या आणि फोम लावून फटी बुजवल्या, कंडेन्सर-रेडिएटरमधला कचरा धुतला. मग खालची नळी काढली. चहाच्या रंगाचं पाणी आलं.

"यात नळाचं पाणी कोण भरतं?"

दोन वर्षं मीच भरत होतो. कूलंटचे पैसे वाचवत होतो. मुलाने माझ्याकडे पाहिलं, आणि मग दुसरीकडे.

निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरलं. "इंटरकूलर काढू का?" मिस्त्रीने मला विचारलं. म्हटलं, त्याला विचारा, गाडी त्याची आहे. त्याने राहू दिला.

आठ दिवसांनी पुन्हा तोच घाट. या वेळी तो चालवत होता, मी मागे बसून मोबाईलवरचे आकडे वाचत होतो. ९१, ९३, ९६. माथ्यावर ९६च.

"आज हीटर नाही ना?" अम्मीने पुढून विचारलं.