समोरासमोरच्या खिडक्या: काही टिपणे

एमिली हेन्रीची 'बीच रीड' (2020). जॅन्युअरी अँड्र्यूज प्रेमकथा लिहिते. वडील गेले, आणि त्यांच्या आयुष्यात दुसरी बाई होती हे तिला अंत्यविधीच्या दिवशी कळलं. आता मिशिगन सरोवराकाठच्या त्यांच्याच घरात ती येऊन राहिली आहे, हातून एक ओळ उतरत नाही. शेजारी ऑगस्टस एव्हरेट, कॉलेजातला जुना प्रतिस्पर्धी. त्याच्या कादंबऱ्यांत सुखान्त औषधालाही सापडत नाही. दोघांची पैज लागते: तिने त्याच्यासारखं लिहायचं, त्याने तिच्यासारखं.

•

तो अबोल, ती बडबडी. एवढ्यावर उभी केलेली विजोड जोडी मला पन्नासाव्या पानाला कंटाळवाणी होते. इथे एकाला दुसऱ्याच्या वाटेने खरोखर चालावं लागतं. एका पंथाच्या शोकांतिकेत होरपळलेल्या माणसांकडे तो तिला घेऊन जातो. ती त्याला मोटारीत बसून मेग रायनचे ओळीने तीन सिनेमे बघायला लावते. यात थट्टा आहेच, पण मला दिसतो तो आदर. तुझं काम मी करून बघेन, असं म्हणायला माणूस मोठ्या मनाचा लागतो.

•

दोघांची स्वयंपाकघरं समोरासमोर. कागदावर लिहून खिडकीतून एकमेकांना दाखवतात. जवळीक वाढते ती वाचण्यातून.

•

सॅली थॉर्नची 'द हेटिंग गेम' (2016) पुन्हा चाळली. प्रकाशनसंस्थेच्या कचेरीत ल्यूसी आणि जोशुआ यांची टेबलं समोरासमोर. दोघांचं जराही पटत नाही, पण कोणत्या दिवशी तो कोणत्या रंगाचा शर्ट घालणार हे तिला तोंडपाठ. इतकं बारीक लक्ष आपल्याकडे कोण देतं? या कादंबऱ्यांची ओढ मला तिथेच वाटते. 1813 सालच्या कादंबरीत जेन ऑस्टिनने हेच ओळखलं होतं: नायक डार्सीचं पत्र नायिका एलिझाबेथ पुन्हापुन्हा वाचते आणि दर वाचनाला तिचं मत थोडं हलतं.

•

'शेवट आधीच माहीत असतो' ही तक्रार नेहमीची. असतो, म्हणून तर लक्ष 'कसं'कडे जातं. मात्र काटेरी नायक शेवटच्या प्रकरणात एकदम मऊ झाला की माझा विश्वास उडतो. फरक उरला पाहिजे.

•

'बीच रीड'मधलं मला सगळ्यात भिडलेलं: वडिलांनी मागे ठेवलेलं पत्र जॅन्युअरी कितीतरी दिवस उघडतच नाही. प्रेमळ बाप आणि फसवणारा नवरा ही दोन माणसं तिला एका देहात मावत नाहीत. ऑगस्टसला माणसाचा काळोख ठाऊक आहे, तिला माणसाचा उजेड. एकमेकांच्या सहवासात दोघं दुसरी बाजू शिकतात. आणि मग बापाचं अक्षर वाचायचं बळ तिला येतं.