धुळीसकट

पॅरिसमधल्या एका लिलावाचे फोटो अधूनमधून कुठे ना कुठे समोर येतात आणि दरवेळी माझी नजर गाडीआधी धुळीवर जाते. लिलाव ६ फेब्रुवारी २०१५ चा. १९६१ सालची फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर, गडद निळी, आणि दुधावर साय धरावी तशी तिच्या अंगावर धरलेली धूळ. आपल्याकडे गाडी विकायची म्हटलं की आधी पॉलिश होतं, टायरला काळं लागतं, सीटला नवी कव्हरं चढतात. इथे आर्टक्यूरियाल या लिलाव कंपनीने पश्चिम फ्रान्समधल्या एका शेतवाडीतून गाड्या उचलून राजधानीत आणल्या, दालनात अंधार करून वरून दिवे सोडले आणि फडकं तेवढं मारलं नाही. धूळ पुसली असती तर ती जगातल्या इतर फेरारींसारखीच एक फेरारी झाली असती. धुळीसकट ती गेली १ कोटी ६२ लाख युरोच्या वर. तेव्हाच्या हिशेबाने शंभर कोटी रुपयांहून जास्त.

मालक होता रोजे बायों. वाहतुकीच्या धंद्यातला माणूस, ट्रकांशी घरोबा असलेला. दुसरं महायुद्ध संपल्यावर युरोपात युद्धाआधीच्या भारी मोटारींना कुणी विचारत नव्हतं. पेट्रोल पिणाऱ्या, लांबलचक, सुटे भाग न मिळणाऱ्या गाड्या. भंगारात जायच्या वाटेवर असलेल्या अशा गाड्या हा घेत सुटला. बुगाटी, हिस्पानो-सुइझा, देलाज, दलाये, तालबो-लागो. यांचं एक संग्रहालय करायचं असं त्याच्या मनात होतं. एक तालबो तर इजिप्तच्या फारूक राजाच्या ताफ्यातली. पण सत्तरच्या दशकात धंदा बसला. पन्नासेक गाड्या विकाव्या लागल्या, आणि उरलेल्या पत्र्याच्या शेडखाली जिथे होत्या तिथेच राहिल्या. वेली आत शिरल्या, लाकडी सांगाडे कुजले, काही छतं चाकांपर्यंत खाली बसली. बायों गेला, पुढे मुलगाही गेला आणि सगळं प्रकरण नातवंडांच्या गळ्यात आलं. लिलाव कंपनीची माणसं पाहायला आली तेव्हा ही फेरारी जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली सापडली, शेजारी एक मासेराटी. नट आलँ देलाँ याच फेरारीत बसलेला आणि शेजारी जेन फोंडा, असा साठच्या दशकातला फोटो आहे. त्या फोटोमुळे किंमत किती वाढली असेल याचा हिशेब करायला मला आवडेल, पण तो कुणी मांडत नाही.

५९ गाड्या होत्या आणि ५९च्या ५९ गेल्या. एकूण अडीच कोटी युरो. ज्यांचा नुसता सांगाडा उरला होता त्यांच्यावरही माणसं बोली चढवत होती.

मला लिलावाची कॅटलॉगं वाचायचा नाद आहे. घ्यायचं काही नसतं, त्यामुळे डोकं शांत राहतं. गाडीचं वर्णन बहुतेक वेळा भाटगिरी असते: राजस, देखणी, इतिहासाची साक्षीदार वगैरे. ते मी सोडून देतो. खरी मजा खालच्या बारीक टाइपात असते. इंजिन अडकलेलं. कागदपत्रांविना. चावी नाही. पाहणी करून घ्यावी. एवढ्या चार शब्दांत मालकाच्या शेवटच्या वीस वर्षांबद्दल जे कळतं ते वरच्या दोन पानी गौरवात नसतं. तब्येत ढासळलेली, मेकॅनिक येईनासा झालेला, मुलं दुसऱ्या गावी, आणि रविवारी शेडचं दार उघडून नुसतं बघून परत लावून घेणं.

गंजालाही भाव असतो हे जगाला पटलं बायोंच्या गाड्यांच्या लिलावाच्या पाच वर्षं आधी, तेही पॅरिसातच. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या हद्दीवर माज्जोरे नावाचं सरोवर आहे. त्याच्या तळाशी पन्नास मीटरहून जास्त खोल एक १९२५ ची बुगाटी ब्रेशिया सत्तरेक वर्षं पडून होती. तिथवर ती कशी गेली याची गोष्ट सांगतात ती अशी: कुणीतरी पत्त्यांत जिंकली, स्वित्झर्लंडच्या नाक्यावर आणली, आयात कर भरायला पैसे नव्हते. अधिकाऱ्यांना ती नष्ट करायची होती, म्हणून तिला साखळीला बांधून पाण्यात सोडली. साखळी गंजून तुटली आणि गाडी तळाला गेली. २००९ मध्ये स्थानिक पाणबुड्यांनी ती वर काढली. गावातल्या एका तरुणाचा मारहाणीत जीव गेला होता, त्याच्या नावाने उभारलेल्या कामासाठी त्यांना निधी हवा होता. पुढच्या जानेवारीत बॉनहॅम्सच्या लिलावात ती २ लाख ६० हजार युरोला गेली. एक बाजू जवळपास नाहीशी झालेली. घेणारा होता कॅलिफोर्नियाचा पीटर मलिन, फ्रेंच गाड्यांचा वेडा, आणि त्याने तिला हात लावला नाही. जशी तळातून आली तशी आपल्या संग्रहालयात ठेवली.

कराचा उल्लेख आला की मला मामाच्या गाडीचा खण आठवतो. डॅशबोर्डच्या त्या खणात जकातीच्या पावत्यांचा गठ्ठा होता, रबराने बांधलेला. रबर वितळून कागदाला चिकटलेलं.

मामा कोल्हापूरला उद्यमनगरात टर्नर होता. लेथवर उभा राहिला की जेवणाची हाक ऐकू जात नसे. त्याच्याकडे फियाट अकराशे होती, पन्नासच्या दशकातली, फुगीर पाठीची, जिला सगळे डुक्कर फियाट म्हणत. पुढची दारं उलटी उघडत. गियर स्टिअरिंगच्या दांड्याला, हातगियर. घेतली तेव्हाच ती म्हातारी होती. मामाने ती उघडली, आणि आमच्या सगळ्या सुट्ट्या तिच्या उघड्या अवस्थेत गेल्या. पिस्टन एका ताटात, व्हॉल्व्ह दुसऱ्या ताटात, आणि दोन्ही ताटं मामीची. नट-बोल्ट रॉकेलच्या डब्यात भिजत घातलेले असायचे आणि आम्हा पोरांना ते जुन्या टूथब्रशने घासायचं काम मिळायचं, एका डब्याला एक आइसकांडी. न मिळणारा भाग मामा लेथवर स्वतः काढायचा. इटलीतल्या इंजिनियरांनी काय चूक केली होती ते आम्हाला समजावून सांगायचा. सांगताना बोटाने हवेत आटे कापायचा.

दसऱ्याला तो आम्हाला दसरा चौकात न्यायचा. तिथे छत्रपतींच्या घराण्याची मेबॅक येते. संस्थानच्या काळातली ती जर्मन गाडी आजही त्या दिवशी बाहेर पडते. शमीपूजन व्हायचं, मग लोक आपट्याच्या पानांवर तुटून पडायचे आणि सोनं लुटण्याच्या त्या धांदलीत मामा मात्र दोरीला टेकून मेबॅककडे कान लावून उभा असायचा. बंद पडली होती का, ती चालते कशी, चालक क्लच कसा सोडतो. घरी येताना एवढंच म्हणायचा, "वर्षातनं एकदा का हुईना, फिरिवत्यात. म्हणून जित्ती हाय." एवढ्या गर्दीत त्याने सोनं आणलेलं मला आठवत नाही, ते आणायचं काम मावसभावाकडे असे.

फियाट चालली का? चालली. रंकाळ्यापर्यंत, जोतिबाच्या पायथ्यापर्यंत, एकदा सांगलीपर्यंत. हँडल मारून सुरू व्हायची आणि सुरू झाली की गल्लीतले लोक दारात यायचे. मग मामाचा उजवा खांदा धरला, लेथ सुटला, आणि गाडी घराशेजारच्या पत्र्याखाली गेली. काही वर्षांनी टायर बसले. उन्हाळ्यात मामी तिच्या टपावर कुरडया वाळत घालू लागली. पत्रा तापतो, खालून आणि वरून दोन्हीकडून वाळतात, असं तिचं म्हणणं होतं. त्या कुरडया मी खाल्ल्या आहेत. इतक्या कुरकुरीत पुन्हा मिळाल्या नाहीत. मामा खाटेवर बसून बघायचा आणि काही बोलायचा नाही. फक्त बॉनेटवर काही ठेवलं की ओरडायचा. टप चालेल, बॉनेट नाही.

तो गेल्यावर वर्षभराने घर वाटायचं ठरलं आणि पत्र्याखालची जागा मोकळी करायची वेळ आली. साताऱ्याचा एक हौशी माणूस येऊन गेला. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून चॅसिसचा नंबर पुसून पाहिला, पैसे द्यायला तयार झाला. आरसी बुक मागितलं. घरभर शोधलं. देवघराखालचा ट्रंक, मामाची हत्यारांची पेटी, बँकेच्या पासबुकांची पिशवी, दिवाळी अंकांचे गठ्ठे. लाइट बिलं १९७१ पासूनची निघाली. माझ्या आईच्या लग्नाची पत्रिका निघाली. आरसी बुक नाही. तो माणूस दोनदा परत आला, मग आला नाही.

शेवटी भंगारवाले आले. दोघे, एकमेकांना ओळखणारे, बोलीत भांडल्यासारखं करणारे. हा लिलाव मी डोळ्यांनी पाहिला. "ह्यात हाय काय? निस्ता पत्रा," हे पहिलं वाक्य. मग एकाने बॉनेट उचललं, रेडिएटरवर नखाने ओरखडा काढला आणि भाव चढला, कारण तिथे तांबं आणि पितळ होतं. दुसऱ्याने इंजिनवर पान्याने एक टोला दिला आणि म्हणाला, बीड आहे, पण हेड अ‍ॅल्युमिनियमचं. बिडाचा भाव वेगळा, अ‍ॅल्युमिनियमचा वेगळा, पत्र्याचा सगळ्यात कमी, काच आणि रबर फुकट. मामाने ज्या गाडीचा एकेक भाग हाताने जोडून एक गाडी केली होती, ती त्या दोघांनी दहा मिनिटांत तोंडी सुटी केली. त्यांच्या डोळ्याची मला आजही दाद द्यावीशी वाटते. मामाइतकंच बारकाईने त्या गाडीकडे दुसऱ्या कुणी पाहिलं असेल तर ते या दोघांनीच. गॅस कटर लावायच्या आधी मामीने आत जाऊन दार लावून घेतलं.

इंजिनचा ठोकळा कुठे गेला असेल हे कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. आमच्याकडे फौंड्र्यांना बीड कमी पडतं. ते भट्टीत गेलं, ओतलं गेलं, कुठल्या तरी पंपाचं कवच किंवा ट्रॅक्टरचा भाग होऊन बाहेर पडलं. शिरोळच्या एखाद्या शेतात ते अजून पाणी खेचत असेल. बायोंच्या त्या गाड्या काचेमागे, तापमान राखलेल्या खोल्यांत धूळ सांभाळत उभ्या असतील. यातलं कुठलं बरं, यावर माझं मत दर दोन-तीन वर्षांनी बदलतं. सध्या मी पंपाच्या बाजूने आहे.

मात्र संग्राहकांना हसणाऱ्यांच्या बाजूने मी कधीच नव्हतो. त्यांना लोभी म्हणायची पद्धत आहे. लोभी माणूस विकतो. बायोंसारखा माणूस आपणहून विकत नाही, आणि त्याचं तेच चुकतं. शंभर गाड्या दुरुस्त करायला एक आयुष्य पुरत नाही, ही साधी गोष्ट त्याला शंभराव्या गाडीपर्यंत कुणी सांगू शकलं नाही. सांगितलं असतं तरी त्याने आणखी एक आणली असती. फ्रान्समधल्या श्लुम्फ बंधूंनी बुगाटींचा असाच डोंगर जमवला. त्यातलाच बिनदुरुस्त साठा पुढे त्या मलिनने घेतला, आणि तळ्यातली बुगाटीही त्याच्याकडेच आली होती. २०२३ मध्ये मलिन गेला. २०२४ च्या फेब्रुवारीत संग्रहालय बंद झालं आणि एप्रिलमध्ये त्याच आवारात त्याच्या गाड्यांवर गुडिंग कंपनीचा हातोडा पडला. एकाच्या मरणाचा लिलाव दुसऱ्याच्या शेडमध्ये जातो आणि तिथे पुढच्या लिलावाची वाट बघतो. या सगळ्यात खरेदीदार तरुण असतात असं कुणाला वाटत असेल तर फोटो नीट पाहावेत. पहिल्या रांगेतले बहुतेक पांढऱ्या केसांचे आहेत.

आपल्याकडे २०२१ पासून पन्नास वर्षं ओलांडलेल्या मूळ स्वरूपातल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नंबरात व्ही आणि ए ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. तेव्हा तुमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, ताडपत्रीखाली, वडिलांची एखादी फियाट, अँबॅसिडर किंवा लँब्रेटा उभी असेल, तर ती दुरुस्त करा असं मी म्हणत नाही. विका असंही म्हणत नाही. आरसी बुक कुठल्या कपाटात, कुठल्या डब्यात आहे, तेवढं आज घरी सांगून ठेवा. मालक गेल्यावर नाव बदलायला आरटीओत फॉर्म ३१ भरावा लागतो आणि त्याला ते पुस्तक जोडावं लागतं. चावी हरवली असेल तर राहू द्या, ती नंतर करून घेता येते.