निरंक

आमच्या अ‍ॅनिमल हाउसच्या जंत-तपासणीच्या रजिस्टरात चार वर्षं एकच शब्द होता : निरंक. अक्षर माझंच.

तपासणी सोपी. उंदराची शेपटी उचलायची, गुदद्वाराशी सेलोटेप दाबायची आणि ती काचपट्टीवर चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. सायफेशिया ऑब्व्हेलाटा या कृमीची मादी तिथल्या कातडीवर अंडी घालते. केळ्याच्या आकाराची, एका बाजूने चपटी. मला ती कधीच दिसली नव्हती.

मग दम्यावर काम करणारी सहकारी वैतागून आली. उंदीर एकाच वाणाचे, एकाच वयाचे. तरी दोन खोल्यांतले आकडे जुळेनात. किट बदलून झालं, अँटीबॉडी बदलून झाली. "यांना जंत तर नाहीत ना गं?" जंत असले की प्रतिकारशक्तीचा कल बदलतो आणि अ‍ॅलर्जीच्या प्रयोगाचा पार विचका होतो, तेव्हा शंका रास्तच होती. मी जरा तोऱ्यातच रजिस्टर पुढे केलं. तिने ते उघडलंही नाही. "पीसीआर कर," म्हणाली.

पिंजऱ्यापिंजऱ्यातून लेंड्या गोळा केल्या; दहा लेंड्यांचा एक नमुना. अंड्याचं कवच चिवट, नुसत्या रसायनाला दाद देत नाही, म्हणून बारीक मणी घालून नमुने जोरात घुसळले. पहिल्या फेरीत पडद्यावर सगळ्या रेषा आडव्या. मला हायसं वाटलं. पण लगेच लक्षात आलं, की मुद्दाम घातलेल्या नियंत्रण-डीएनएचीही रेषा वर चढली नव्हती. म्हणजे नमुने स्वच्छ नव्हते, चाचणीच बंद पडली होती. विष्ठेतले काही पदार्थ पॉलिमरेज विकराला कामच करू देत नाहीत. डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावला. एकतिसाव्या आवर्तनाच्या सुमारास एक रेषा उचलली. मग दुसरी. मग पाच.

सायफेशियाच्या नव्हेत, अ‍ॅस्पिक्युल्युरिस टेट्राप्टेराच्या. ही बया मोठ्या आतड्यात राहते आणि अंडीही तिथेच घालते. ती लेंडीबरोबर बाहेर पडतात, कातडीला चिकटत नाहीत. माझ्या टेपला ती सापडणार कशी? एवढं पुस्तकातही होतं, मी परीक्षेत लिहिलंही होतं.

खात्रीसाठी एका उंदराचं आतडं कोमट सलाइनमध्ये उघडलं. तीन-चार मिलिमीटरचे पांढरे दोरे वळवळत बाहेर आले. पिंजरे धुणारे मामा वाकून बघत म्हणाले, "मॅडम, आमच्या नातवाला झाले होते तसलेच की!" तसे भाऊबंदच ते.

पुढे फेनबेंडाझोल मिसळलेलं खाद्य, पिंजरे-भुसा सगळं ऑटोक्लेव्हमध्ये, आणि मामांची रोजची कटकट. उपचारानंतर लगेच केलेली पीसीआर पुन्हा पॉझिटिव्ह आली तेव्हा मी हादरले. पण ही चाचणी डीएनए ओळखते, तो जिवंत कृमीचा की मेलेल्याचा हे तिला कळत नाही. म्हणून नव्या पिंजऱ्यांत नव्या लेंड्या पडू दिल्या, थांबलो, परत तपासलं. रेषा आडव्या, नियंत्रणाची मात्र झकास वर.

त्या संध्याकाळी जुनं रजिस्टर काढलं. खाडाखोड करायची नसते. प्रत्येक 'निरंक'शेजारी लाल शाईने दोनच शब्द लिहिले, 'फक्त टेप', आणि खाली त्या दिवसाची तारीख. मनगट दुखेपर्यंत.