कपाटासमोर

रविवार, रात्र.

उद्यापासून ऑफिसात जीन्स-कुर्ता चालेल, असं पत्रक आलंय. सगळ्यांना हायसं वाटलं. मी मात्र तासभर कपाटासमोर बसून होते. सोळा वर्षांच्या सुती साड्या, प्रत्येक खळ घालून, कडक इस्त्रीची. त्यांतली इरकल आईची. गडद निळं सुती अंग, लाल रेशमी पदर. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा मागावरच फासे घालून जोडतात. त्या जोडावरून बोट फिरवत राहिले. ही साडी कापून ड्रेस शिवायचा? छे, हात धजावणार नाही.

2020 च्या डिसेंबरात सरकारने कर्मचाऱ्यांना जीन्स नको, आठवड्यातून एकदा खादी वापरा, असं सांगितलं होतं. खादीचं मला तेव्हाही मनापासून पटलं होतं. आता नियम सैल झालाय, पण सैल म्हणजे गबाळं नव्हे.

गुळेदगुड्डचे दोन खण मात्र पत्रक आल्याबरोबरच बाहेर काढले होते. पन्हा अरुंद, कुर्ता होईना. शिंपीकाकांनी बाजूंना काळी सुती पट्टी जोडून जाकीट बेतलं. काठ बरोब्बर समोर आलाय, किती देखणा दिसतो!

जाकीट, पांढरा कुर्ता, जीन्स खुर्चीवर काढून ठेवलंय. इरकल हँगरवरच राहू दिली. शुक्रवारी तीच नेसणार.