तांबडा दिवा

वडिलांची नजर मंदावत चालली होती. तत्पूर्वी त्यांस देवयानी दीर्घिका दाखवावी, म्हणून कार्तिक वद्य षष्ठीस आम्ही माळावर गेलो. चंद्रोदयास सव्वा तास अवकाश. अंधारास डोळे सरावण्यास अर्धा तास लागतो, वृद्धांस अधिकच. तो सरतो न सरतो तोच नकाशा पाहण्यासाठी आम्हीच पांढरी विजेरी पेटविली! मंद प्रकाश टिपणाऱ्या नेत्रपेशींतील रंगद्रव्य अशा झोताने विरते. तांबडा उजेड, तोही अगदी मंद असेल तर, त्यास फारसा बाधत नाही. ओशाळून विजेरीवर पतंगाचा तांबडा कागद दुहेरी गुंडाळला व पुन्हा थांबलो. पूर्व उजळू लागली.

"थेट नको, किंचित बाजूला पाहा."

२५ लक्ष वर्षांपूर्वी निघालेला तो धुरकट प्रकाश! बऱ्याच वेळाने वडील म्हणाले, "आता तो तांबडाही मालव."