पहिल्या नंबरचं कार्ड

न्यू जर्सीत जुन्या बेसबॉल कार्डांचं प्रदर्शन भरलं की काचेखालच्या कार्डांभोवती झुंबड उडते. होनस वॅग्नर, मिकी मँटल, सगळी दैवतं. मी त्यांचं दर्शन घेते आणि टेबलाच्या टोकाला ठेवलेल्या लांबट खोक्याकडे वळते. त्यात ‘कॉमन’ असतात, म्हणजे ज्यांना कुणी शोधत येत नाही असे खेळाडू. बेसबॉल मला आजही अर्धामुर्धाच कळतो, त्यामुळे त्या खोक्यातले सगळेच मला सारखे परके. घाई नसते. एकेक कार्ड उलटायचं, पाठ वाचायची. टॉप्स कंपनीच्या १९५२च्या कार्डावर जन्मगाव, उंची, वजन, डावरा की उजवा आणि आकड्यांच्या दोन ओळी: एक गेल्या वर्षाची, एक आयुष्याची. त्या काळी हिवाळ्यात यातल्या कितीतरी जणांना पोटासाठी दुसरं काम धरावं लागे.

टॉप्सच्या याच १९५२च्या संचातलं पहिल्या नंबरचं कार्ड अँडी पाफकोचं. खेळाडू चांगला, पण दैवतांत गणना नाही. ३ ऑक्टोबर १९५१ला प्रतिस्पर्धी बॉबी थॉमसनने टोलवलेला चेंडू त्याच्या डोक्यावरून प्रेक्षकांत गेला, त्याच्या ब्रुकलिन संघाचा हंगाम संपला, आणि हा भिंतीपाशी वर बघत राहिला. पुढच्या वर्षी कार्डांच्या संचात त्याला एक नंबर मिळाला. पोरं कार्डं क्रमाने लावून रबरबँड घालत. वरच्या पाफकोच्या कडा आधी चिरडत, खालचे सुरक्षित राहत. म्हणून कोरा करकरीत पाफको दुर्मीळ झाला आणि १९९८मध्ये तसा एक ८३,८७० डॉलरला गेला. आता यात खेळाचा संबंध काय? मला मात्र रबरबँडचा वळ उठलेलाच पाफको हवासा वाटतो. त्या वळात कुणाचं तरी दप्तर आहे, खिसा आहे. मोहोरबंद प्लास्टिकातल्याला तर धड हातही लागलेला नसतो.

कार्डाला काय भाव येईल याची जेफरसन बर्डिकने मात्र पर्वाच केली नाही. सिरॅक्यूजचा हा कारखान्यातला माणूस, संधिवाताने बोटं आखडलेली. जमवलेली लाखो छापील चिटोरी त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देऊन टाकली. त्यांत बेसबॉलची कार्डंच ३० हजारांवर. मग तिथेच वर्षानुवर्षं बसून ती वह्यांत चिकटवत राहिला. काम हातावेगळं झालं आणि १९६३मध्ये तो गेला. ज्याच्या एका कार्डासाठी आज लाखो डॉलर मोजतात तो वॅग्नर आणि ज्याचं नाव कुणी घेत नाही तो खेळाडू, दोघांनाही त्याच्याकडे सारखीच वही, सारखीच खळ. आजच्या संग्राहकांच्या अंगावर कार्ड चिकटवण्याच्या नुसत्या कल्पनेने काटा येतो. माझी तक्रार वेगळीच आहे: चिकटवल्यावर पाठ वाचायची कशी? पण १९०९च्या सुमाराच्या तंबाखूच्या पाकिटात येणाऱ्या कार्डांच्या पाठीवर सिगारेटची जाहिरातच असायची, तेव्हा तेवढं मी बर्डिकला माफ केलं आहे.