ओट्यावरची नजर

घराचा ओटा कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. कागदोपत्री तो घरमालकाचा असतो; पण गावठाणात त्यावर गल्लीचाही थोडा हक्क चालत आलेला आहे. आमच्या अंधेरीकडच्या मरोळसारख्या गावठाणांतून जी जुनी घरे अद्याप उभी आहेत, त्यांची दारे गल्लीवर उघडतात आणि ओटे समोरासमोर असतात. पोस्टमन, मासळीवाली, पत्ता विचारणारा परका, सारे आधी तेथेच टेकतात. अशा ओट्यावर कॅमेरा बसविणे म्हणजे नुसते यंत्र टांगणे नव्हे, हे आम्हां उभयतांना गेल्या उन्हाळ्यात कळून आले.

आमची मुले परदेशी असतात. गल्लीतल्या दोन घरांपुढून वस्तू नाहीशा झाल्याचे त्यांच्या कानी गेले आणि कॅमेऱ्याचा आग्रह सुरू झाला. आग्रहात माया होती. आम्ही होकार दिला.

बसविणारा तरुण कसबी होता. तो म्हणाला, कॅमेरा फार उंच लावला तर डोके दिसते, चेहरा दिसत नाही. म्हणून आठ-नऊ फुटांवर लावून किंचित खाली झुकवावा. मोकळ्या आभाळाकडे तोंड केल्यास माणूस नुसती काळी आकृती दिसतो. छपराला अगदी खेटून लावल्यास कॅमेऱ्याचा रात्रीचा अदृश्य प्रकाश पत्र्यावरून परततो आणि चित्र पांढरे पडते. हे सारे पटण्याजोगे होते. मग त्याने दाराच्या वर, मधोमध, कॅमेरा धरून दाखविला. मोबाइलच्या पडद्यावर आमच्या पायऱ्या तळाशी जेमतेम दिसत होत्या. समोरच्या मावशींचा ओटा मात्र संपूर्ण, आणि त्यामागचे त्यांचे उघडे दारही!

मावशी एकट्या राहतात. सकाळी न्हाऊन ओट्यावर केस वाळवितात, दुपारी तांदूळ निवडतात, कधी नुसत्याच बसून असतात. आम्ही त्यांना पडदा दाखविला. क्षणभर पाहून त्या म्हणाल्या, "तुम्ही मला बघता, त्याचं काही नाही, मीसुद्धा तुम्हाला बघते. पण हा कधी बघतो, ते मला कळणार कसं?"

शेजाऱ्याची नजर पाहते, पाहिली जाते आणि पुष्कळसे विसरूनही जाते. यंत्र मात्र एकाच बाजूने पाहते आणि पाहिलेले साठवून ठेवते.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्याने मात्र व्यक्तीच्या घरगुती वापराला आपल्या कक्षेतून वगळले आहे. युरोपात डिसेंबर २०१४ मध्ये एका चेक गृहस्थाच्या प्रकरणाचा निकाल लागला. घरावर हल्ले होत म्हणून त्याने वळचणीखाली कॅमेरा लावला होता. त्यात रस्ता आणि समोरच्या घराचे दारही येत असे. संशयित सापडले, तरीही सार्वजनिक रस्त्यावर रोखलेला कॅमेरा निव्वळ घरगुती राहत नाही, असे तेथील न्यायालयाने ठरविले. आमच्या आठ फुटी गल्लीत हे आम्हांला फार जवळचे वाटले.

अखेर कॅमेरा ओट्याच्या एका टोकाला, बाजूच्या भिंतीवर, लांबीच्या दिशेने बसविला. त्यात आमचे दार, पायऱ्या आणि कठडा नीट येतो. कोपऱ्यातून डोकावणारा मावशींच्या ओट्याचा तुकडा यंत्रातल्याच सोयीने काळा करून टाकला, आणि आवाज टिपणे बंद ठेवले. मावशींना पुन्हा बोलावले. चष्मा सावरून त्यांनी विचारले, "यात मी कुठे आहे?" "नाहीच आहात, मावशी." "मग असू दे."

मुलांची तक्रार आली, की गल्ली दिसत नाही. आम्ही कळविले, की गल्ली पाहायला मावशी आहेत. कॅमेऱ्याच्या धाकाने त्या दार लोटून आत बसल्या असत्या, तर आमच्या पायऱ्यांवर एक यंत्र आले असते, पण परका माणूस गल्लीत शिरताच "कोण हवंय?" असे विचारणारे माणूस गेले असते.